हृदयरोगावर संशोधन म्हणजे फक्त कार्डिओलॉजिस्टचंच काम?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘हृदयरोगावर संशोधन करायचंय? आधी डॉक्टर व्हा, मग कार्डिओलॉजिस्ट. रुग्णाला हात न लावता एपिडेमिऑलॉजीवाल्यांना हृदय काय कळणार? आणि आकडेमोड आता सॉफ्टवेअर करतंच.’ (एपिडेमिऑलॉजी म्हणजे लोकसमूहात आजार कोणाला, किती आणि का होतो याचा अभ्यास.)

आधी पदवीचं बघू. हृदयरोग कोणाला होतो याचा माग ठेवणारा अमेरिकेतला फ्रेमिंगहॅम अभ्यास १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन सुरू झाला. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब एकत्र धरले तर धोका किती, हे साध्या कोष्टकातून नीट निघेना. गट पाडत गेलं की एकेका चौकटीत मोजकेच रुग्ण उरतात. त्यावर १९६२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड यांनी जे गणित मांडलं, त्याच घराण्यातली सूत्रं पुढे धोका मोजणाऱ्या कॅल्क्युलेटरांत आली. कॉर्नफील्ड यांची पदवी होती इतिहासातली! डॉक्टर लागतात, नाही असं नाही. ईसीजी आणि कागदपत्रं तपासून ‘हा हार्ट अटॅकच’ असा निर्णय देणाऱ्या समितीत ते हवेतच. फक्त कोण सिगारेट ओढत होतं हे त्यांना कळता कामा नये, नाहीतर संशयाचा फायदा एकाच बाजूला जातो.

दुसरा मुद्दा, रुग्णाला हात लावण्याचा. ओपीडीत दिसतो तो अंश. छेद बाहेर असतो: जे आजारी पडलेच नाहीत ते, आणि जे दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत तेही. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढणारा. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की वाहकांमध्ये हृदयविकार कमी. पण खरी गंमत पुढे आहे. १९५६ मध्ये त्याच गटाने गणवेशाची मापं काढली. पँटच्या कमरेचं माप तरुण वयातही चालकांचंच जास्त! म्हणजे फरक सगळा जिन्यांचा नसावा. मुळात माणसंच वेगळी होती. आपल्याच निष्कर्षावर असा शिंप्याचा टेप लावायला शिकणं हे या विषयातलं अर्धं शिक्षण आहे. ते स्टेथोस्कोपने होत नाही.

राहिलं सॉफ्टवेअर. ते दिलेले आकडे मोजतं. आकडा कसा आला हे विचारत नाही. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) दंडाच्या मानाने लहान असला की रक्तदाब जास्त दिसतो. हात लोंबकळत ठेवला तरी तेच. म्हणून पाच मिनिटं बसवायचं, हाताला हृदयाच्या पातळीवर आधार द्यायचा आणि किमान दोनदा मोजायचं. मग नोंदींचा शेवटचा अंक बघायचा. हाताने, दर २ मिमीला खूण असलेल्या पट्टीवर मोजलं असेल तर शून्यावर संपणाऱ्या नोंदी साधारण २० टक्के हव्यात. ५० टक्के निघाल्या तर मोजणारा आकडे जवळच्या शून्यावर नेऊन लिहितोय. उच्च रक्तदाबाच्या १४० च्या उंबरठ्यावर अशाने कितीतरी माणसं ‘रुग्ण’ होतात किंवा निसटतात.

दुसरी ठेच ‘अमर काळा’ची. अटॅकनंतर वर्षभर व्यायामवर्गाला गेलेले जास्त जगले, असं दिसतं. दिसणारच, वर्ष पूर्ण करायला ते वर्ष जगावं लागतं. त्यामुळे वर्गाचं वर्ष पूर्ण होईपर्यंतचे दिवस ‘वर्ग नाही’च्या खात्यात घालायचे, किंवा वर्षभर जगलेल्यांपासूनच मोजणी सुरू करायची.

आणि नवशिक्याचा नेहमीचा घात: हरवलेल्या नोंदीला टाकलेला ९९९. २,००० जणांचं सरासरी कोलेस्टेरॉल २०० आहे आणि त्यातल्या ४० नोंदींत ९९९ राहिला, तर सरासरी थेट २१६ होते. सॉफ्टवेअर कुरकुरही करत नाही. म्हणून मॉडेल चालवण्याआधी प्रत्येक स्तंभाचा किमान, कमाल आणि आलेख बघायचा, कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे सांगणारं कोडबुक शेजारी उघडं ठेवून.