कृष्णविवर म्हणजे लाडू नव्हे

महोदय,

कृष्णविवराचे वस्तुमान दुप्पट झाले की त्याची त्रिज्याही दुप्पट होते, या माझ्या लेखातल्या विधानावर आपण लिहिले आहे: ‘लाडवाचे वजन दुप्पट केले तर रुंदी सव्वापटच होते, हे स्वयंपाकघरातही कळते, मास्तरांना कळू नये?’ यातल्या ‘मास्तरां’चा सूर मला ओळखीचा आहे. फोंड्याला मी २९ वर्षे उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवले. मागच्या बाकावरून असे प्रश्न पुष्कळ आले, पण त्या मुलांना उत्तर ऐकून घ्यायचे असे.

लाडवाचे गणित बरोबर आहे आणि ते मला आपल्याकडून शिकायचे नाही. चवथीला आई मुगाचे लाडू वळायची, तेव्हा देवापुढचा लाडू दुप्पट पिठाचा असे, तरी ताटात तो शेजारच्या लाडवाहून जेमतेम नखभर रुंद दिसे. कारण पीठ दोन्हींत सारखेच दाट. कृष्णविवराची सीमा अशा दाटपणाने ठरत नाही. जिथून निसटायला प्रकाशाचा वेगही अपुरा पडतो ती ही सीमा, आणि जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांची जी उकल १९१६ साली मांडली, तिच्यानुसार तिची त्रिज्या थेट वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. एका सूर्याच्या वस्तुमानाला सुमारे ३ किलोमीटर, दहा सूर्यांना ३०. त्याच सूत्राने पृथ्वीला सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे पृथ्वीचे कृष्णविवर व्हायला ती आख्खी दाबून करवंदाएवढी करावी लागेल.

त्रिज्या दुप्पट म्हणजे आकारमान आठपट, वस्तुमान मात्र दुप्पटच. म्हणून सरासरी घनता चौथाईवर येते. २०१९ साली ज्याची प्रतिमा प्रसिद्ध झाली, त्या एम ८७ दीर्घिकेतल्या विवराचे वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्यांएवढे आहे, आणि साध्या गोलाच्या हिशोबाने त्याची सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेच्या निम्म्याहूनही कमी भरते. लेखात तिथे मी ‘हवेपेक्षा हलके’ असे लिहिले होते, ते ‘विरळ’ हवे होते. ही चूक मान्य आहे आणि ती दुरुस्त केली आहे.

फिरत्या विवराची त्रिज्या कमी भरते, हा तुमचा दुसरा मुद्दा. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘न फिरणारे’ हा शब्द आहे, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. शीर्षकाविषयीच्या तक्रारीला उत्तर देण्याची गरज वाटत नाही.

राहता राहिले स्वयंपाकघर. माझी आई चौथी शिकलेली होती. हे सूत्र मी तिला सांगितले, तेव्हा लाडू वळता वळता तिने विचारले होते, ‘मग दुप्पट झाल्यावर आतले पीठ तेवढेच दाट राहते का रे?’ तो प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता.