रेफर कसं करावं: नवीन मेडिकल ऑफिसरसाठी

बॉन्डवर (डिग्रीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत) पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, मिळाली ना, अभिनंदन! आता पहिलं काम करा, पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य या विषयाच्या) जर्नलमध्ये स्केचपेनने काढलेला तो दवाखान्यांचा पिरॅमिड विसरा. 5 हजार लोकांमागे उपकेंद्र, 30 हजारांमागे तुम्ही (आदिवासी-डोंगराळ भागात 3 हजार आणि 20 हजार), वर 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, सिव्हिल (जिल्हा रुग्णालय), मेडिकल कॉलेज... हे सगळं व्हायवापुरतं होतं. इथे एकच स्किल लागतं, चिठ्ठीवर "पुढील उपचारासाठी रवाना" लिहिणं, तेही पेशंट खाटेवर टेकायच्या आत.

समजा रात्री साडेदहाला घोणस चावलेला शेतकरी आला. कोरड्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू करायचं, एवढं तुम्हाला येतं आणि औषध कपाटात आहे. पण त्या औषधाची रिॲक्शन आली तर? त्यावरचं ॲड्रेनालिन इंजेक्शन भरून ठेवलंत तरी बाहेर नातेवाईक वीस, आत तुम्ही आणि एक सिस्टर, आणि डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा 2010 चा कायदा काही रात्रपाळीला येत नाही. तेव्हा 108 बोलवा. रक्त गोठत नसेना का, तुमच्या चिठ्ठीची शाई वाळली म्हणजे झालं.

पुढे फोन बिन करायचा नाही हं, तिकडच्या सरांना सरप्राइज आवडतं. किती वाजता चावला, लघवी झाली का, काय दिलं (काहीच नाही), असलं लिहून कागद खराब करू नका. ग्रामीणवाले फिजिशियन नाही म्हणून सिव्हिलला पाठवतील, सिव्हिलवाले डायलिसिसला मशीन रिकामं नाही म्हणून मेडिकल कॉलेजला, आणि तिथला दोन रात्री न झोपलेला रेसिडेंट डॉक्टर तीन चिठ्ठ्यांचा गठ्ठा बघून विचारेल, पहिला डोस कुणीच का नाही दिला? त्याला अजून अनुभव नाही, होईल तयार.

वरून खाली पेशंट पाठवायचीही सोय आहे म्हणे, मी अजून तसली चिठ्ठी बघितलेली नाही. आमच्या गावचे एक आजोबा बीपीच्या गोळ्या आणायला दर महिन्याला सकाळची पहिली एसटी धरून सिव्हिलला जातात, का तर "मोठ्या डॉक्टरांनी इथंच यायला सांगितलंय." जाऊ द्या त्यांना. तीच अम्लोडिपिन तुमच्या स्टोअरमध्ये खोक्यात पडून आहे, एक्सपायरी जवळ आली की तीही शेजारच्या पीएचसीला रेफर करून टाका.