‘जमत नाही म्हणून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

स्टीव्ह मॅककरी या अमेरिकन फोटोग्राफरवरच्या लेखात मी म्हटलं होतं, की फोटोतून माणसं-वस्तू पुसणं गैर आहे. त्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलं आहे: “काका, तुमच्या पिढीला फोटोशॉप जमत नाही, म्हणून ते पाप. डोरोथिया लँगनेही अंगठा पुसलाच ना? मॅककरी गोष्ट सांगतो, पंचनामा करत नाही. आणि नॅशनल जिओग्राफिकचं पिरॅमिडवालं मुखपृष्ठ 1984चं नाही, 1982चं आहे.”

शेवटचं आधी. साल माझं चुकलं. फेब्रुवारी 1982. (उभ्या मुखपृष्ठात मावावेत म्हणून फोटोतले पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले होते, ते हे मुखपृष्ठ.) लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘जमत नाही’. हे वाक्य वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते छापण्यासारखं नव्हतं. माझं म्हणणं खोडा, मी ऐकेन. पण माणूस म्हातारा आहे एवढ्यावर त्याचा मुद्दा निकालात काढायचा, ही कुठली रीत? आणि वर ‘काका’! आपली ओळख नाही, तुम्ही नाव दिलेलं नाही, मग हे नातं कशासाठी? मला गप्प बसवायला?

1989 साली मी एका दैनिकाच्या डार्करूममध्ये लागलो. डेव्हलपरने नखं तपकिरी झाली होती, ती बरीच वर्षं तशीच राहिली. तारेवर पुठ्ठ्याचा तुकडा लावून चेहऱ्यावरचा उजेड अडवायचा म्हणजे चेहरा उजळतो, हाताच्या फटीतून आभाळाला जास्त उजेड द्यायचा म्हणजे ते गडद होतं. हे मी हजारो प्रिंटवर केलं. त्यात निगेटिव्हवर जे आहे तेच नीट दिसावं एवढीच खटपट असायची. माणूस नाहीसा करणं त्यात बसत नाही. फोटोशॉप मी 1998पासून वापरतो. क्लोन टूलने माणूस पुसायला मला पाच मिनिटं लागतात. मी पुसत नाही ते पुसायचं नाही म्हणून. हात थरथरतो म्हणून नाही.

2016 साली तुरीनजवळच्या प्रदर्शनात मॅककरींच्या क्युबातल्या एका प्रिंटवर खांबाचा तुकडा भलत्याच जागी आलेला पाओलो विल्योने या इटालियन फोटोग्राफरला दिसला. मग लोकांनी जुनी छायाचित्रं ताडून पाहिली, तर बांगलादेशात पावसात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांमधला एक मुलगाच गायब. तो मुलगा त्या दिवशी तिथे खेळत होता हो! त्याला काढायचा हक्क कुणाला? गोष्टच सांगायची असेल तर ती गोष्ट आहे असं आधी सांगावं. मॅककरींनी ते सांगितलं पकडले गेल्यावर.

लँग या अमेरिकन फोटोग्राफर बाईने आपल्या ‘मायग्रंट मदर’ या गाजलेल्या फोटोच्या कोपऱ्यात आलेला एक अंगठा पुसून टाकला होता. त्याबद्दल एवढंच, की ते तेव्हाही तिच्या वरिष्ठांना खटकलं होतं. पुढे.

खरं तर तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, म्हणून मीच सांगतो. 1994च्या वारीत, दिवे घाटात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक बाई माझ्यासमोरून गेली आणि माझी फ्रेम हुकली. मी म्हटलं, “माउली, जरा चार पावलं मागं जाऊन परत येता का?” ती आली. चढावर, उन्हात, डोक्यावर तेवढं ओझं घेऊन, हसत. फोटो पहिल्या पानावर आला, खाली ओळ होती ‘विठ्ठलभेटीची ओढ’. सगळ्यांनी पाठ थोपटली. त्या क्षणी ती माझ्या सांगण्यावरून चालत होती, हे मी ऑफिसात कुणालाच बोललो नाही. त्यानंतर वारीत मी कुणाला ‘जरा थांबा’सुद्धा म्हटलेलं नाही. त्यामुळे हे नियम मी पुस्तकात वाचून तुमच्यावर फेकतो आहे, असं कृपा करून समजू नका.

आणि ‘एवढंसं पुसलं तर काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांसाठी: नार्सिसो कॉन्त्रेरास हा पुलित्झर मिळवणाऱ्या चमूतला फोटोग्राफर. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्याने पुसला. जानेवारी 2014मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याच्याशी संबंध तोडले. त्याचे शेकडो फोटो तपासले, फेरफार त्या एकाच फोटोत सापडला. तरीही तोडले. तुम्हाला ते क्रूर वाटेल, मला वाटत नाही.

दिवे घाटातला तो रोल माझ्याकडे आहे. छापलेल्या फ्रेमच्या आधीची एक फ्रेम हललेली आहे. तीत त्या बाईची पाठ आहे, वृंदावनाची एक कड कापली गेली आहे, आणि शेजारची म्हातारी तिच्या कोपराला धरून चालते आहे. ती मी अजून कुणाला दाखवलेली नाही. या आठवड्यात स्कॅन करून इथे टाकतो, जशी आहे तशी.