ई-स्कूटरला लायसन लागत नाही? अर्धंच खरंय

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, "इलेक्ट्रिक स्कूटरला ना लायसन, ना पासिंग, पोरांना बिनधास्त द्या". अहो थांबा जरा.

सूट आहे, पण ती सगळ्या ई-गाड्यांना नाहीये. मोटर 250 वॅटच्या आत, स्पीड ताशी 25 किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, हे तिन्ही असेल तरच ती गाडी कायद्याने मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे मग लायसन, नंबर प्लेट काही नको. भाजी आणायला, क्लासला सोडायला तेवढी बास होते, उगाच कार कशाला काढायची. पण ओला, एथर, चेतक वगैरे ज्या 60-70 ने पळतात त्यांना पेट्रोल गाडीसारखंच सगळं लागतं, लायसन, पासिंग, इन्शुरन्स, हेल्मेट, फक्त प्लेट हिरवी. हा घोळ बहुतेक 2021 मुळे झालाय, तेव्हा केंद्राने ई-गाड्यांची रजिस्ट्रेशनची फी माफ केली, रजिस्ट्रेशन नाही!

आणि काही दुकानदार 25 वाली गाडी विकताना हळूच सांगतात की वायर काढून देतो, 45 ने पळेल. तसं केलं की सूट गेली, ती बिनपासिंगची गाडी झाली. त्यात अठराच्या आतलं पोरगं चालवताना सापडलं तर पालकांना 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, 2019 च्या दुरुस्तीत आहे ते. घेताना मोटरचे वॅट कागदावर बघून घ्या, दुकानदाराच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका.