‘एफडी मोडा, डिजिटल डॉलर घ्या’ या फॉरवर्डला उत्तर

मुदतीआधी एफडी मोडली तर किती दंड बसतो, असं आत्यानं फोन करून विचारलं. ती निवृत्त शिक्षिका आहे आणि तिची सगळी पुंजी त्या ठेवींत आहे. कशासाठी मोडतेस म्हटल्यावर तिनं मला तो मेसेज पाठवला. दोन-तीन ग्रुपवर मी तो आधीच पाहिला होता आणि दुर्लक्ष केलं होतं. आता तसं करता येणार नाही.

आधी एक शब्द: स्टेबलकॉइन म्हणजे ज्याचा भाव एका डॉलरला बांधून ठेवायचा असतो असं क्रिप्टो नाणं; युएसडीटी हे त्यातलंच एक. मेसेजचा सारांश असा: स्टेबलकॉइन म्हणजे डिजिटल डॉलर. एका युएसडीटीमागे बँकेत एक डॉलर ठेवलेला असतो आणि तो कधीही परत मिळतो. सगळे स्टेबलकॉइन सारखेच, भाव पडूच शकत नाही. वर १२ टक्के व्याज, करही नाही. अमेरिकी सरकारनं आता कायदा करून हमी दिली आहे. रुपया घसरतोय, म्हणून एफडी मोडा. खाली एका ॲपची लिंक.

‘एका युएसडीटीमागे बँकेत एक डॉलर, कधीही परत’

युएसडीटी काढणाऱ्या टेदर कंपनीबद्दल मी काही म्हणण्यापेक्षा अमेरिकेतल्या वायदेबाजाराच्या नियामकाचं, म्हणजे सीएफटीसीचं, ऐका. ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात त्यांनी २०१६ ते २०१८ या काळातल्या २६ महिन्यांचा हिशेब मांडला आहे. बाजारात फिरणाऱ्या टोकनांना, म्हणजे युएसडीटी नाण्यांना, पुरेल इतकी रोकड त्यातल्या फक्त २७.६ टक्के दिवशी कंपनीच्या खात्यांत होती. त्याच काळात कंपनी लोकांना सांगत होती की प्रत्येक टोकनामागे डॉलर आहे. दंड झाला ४ कोटी १० लाख डॉलर.

आज परिस्थिती बरी आहे, हे मान्य. साठ्याचा मोठा भाग आता अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत, म्हणजे ट्रेझरी बिलांत, असतो. पण त्यात सोनं आणि बिटकॉइनही आहे, आणि ‘बँकेत ठेवलेला डॉलर’ म्हणजे हे नव्हे. ‘कधीही परत’ हेही तुमच्या-माझ्यासाठी नाही. टेदरकडून थेट डॉलर परत घ्यायचे तर किमान रक्कम १ लाख डॉलर आहे. बाकीच्यांनी एक्स्चेंजवर गिऱ्हाईक शोधायचं आणि तो देईल तो भाव घ्यायचा.

‘सगळे सारखेच, भाव पडूच शकत नाही’

या एका ओळीनं लोकांचं आयुष्यभराचं मीठभाकरीचं साधन गेलं आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रकार युएसडीटी, युएसडीसी यांचा. कंपनी डॉलर घेते, टोकन देते आणि ते डॉलर बँकेत किंवा रोख्यांत ठेवते. इथं सगळा भरवसा त्या साठ्यावर. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा युएसडीसीच्या सर्कल कंपनीचे ३३० कोटी डॉलर तिथं अडकले. त्या शनिवार-रविवारी युएसडीसीचा भाव ९० सेंटच्याही खाली गेला. सोमवारी सावरला, पण तो अमेरिकी सरकारनं त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी भरून देण्याचं जाहीर केलं म्हणून. हा या प्रकारातला नीट चालवलेला, साठा उघड करणारा नमुना मानला जातो, हे लक्षात घ्या.

दुसरा प्रकार डाय या नाण्याचा. हे सोनेतारण कर्जासारखं आहे. ईथरसारखं क्रिप्टो तारण ठेवायचं आणि त्याच्या किमतीपेक्षा बरेच कमी डाय उचलायचे. उदाहरणार्थ १५० डॉलरच्या तारणावर जास्तीत जास्त १००. तारणाचा भाव घसरला की प्रणाली आपोआप त्याचा लिलाव करते. रचना म्हणून मला ही प्रामाणिक वाटते, कारण साठा कुणालाही पाहता येतो. पण मार्च २०२० मध्ये ईथर एका दिवसात कोसळलं, नेटवर्क तुंबलं आणि काही तारणं लिलावात शून्य डॉलरच्या बोलीला गेली.

तिसरा प्रकार टेरायुएसडीचा, म्हणजे युएसटीचा. यामागे डॉलर नव्हते आणि तारणही नव्हतं. होता फक्त एक नियम: एक युएसटी द्या आणि एक डॉलर किमतीचे नवे लुना, म्हणजे त्याच कंपनीचं दुसरं नाणं, घ्या. युएसटी ९८ सेंटला आला तर लोक तो विकत घेतील, एक डॉलरचे लुना घेतील, दोन सेंट कमावतील. युएसटी कमी होतील आणि भाव परत वर येईल. कागदावर सुंदर. पण लुना त्याच लोकांनी छापलेला होता, आणि तो कुणाला तरी हवा असेल तोवरच हा नियम चालणार होता.

युएसटीला मागणी कशानं होती? अँकर नावाच्या योजनेत त्यावर जवळपास २० टक्के व्याज मिळे, म्हणून. मे २०२२ मध्ये मोठ्या रकमा बाहेर पडायला लागल्या आणि भाव डॉलरखाली गेला. लोकांनी धडाधड युएसटी देऊन लुना घेतले आणि लगेच विकले. लुना पडला, म्हणून प्रत्येक युएसटीमागे आणखी जास्त लुना छापावे लागले, म्हणून तो आणखी पडला. साधारण ३५ कोटी असलेले लुना काही दिवसांत साडेसहा लाख कोटी झाले. एप्रिलमध्ये शंभर डॉलरच्या वर असलेल्या लुनाची किंमत शून्याला टेकली. दोन्ही मिळून सुमारे ४,००० कोटी डॉलर गेले.

मला सगळ्यात चीड येते ती पुढच्या गोष्टीची. त्याआधी एक वर्ष, मे २०२१ मध्ये, युएसटी असाच घसरला होता आणि सावरला होता. आपल्या अल्गोरिदमनं तो सावरला असं संस्थापक डो क्वॉन यांनी जगाला सांगितलं. प्रत्यक्षात एका ट्रेडिंग कंपनीनं गुपचूप लाखो डॉलरचे युएसटी विकत घेऊन भाव वर आणला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये क्वॉन यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला; डिसेंबरमध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. ‘एकदा पडला होता, तरी सावरला’ एवढ्या भरवशावर मधल्या वर्षभरात हजारो साध्या लोकांनी त्यात पैसे टाकले होते. ‘सगळे सारखेच’ हे वाक्य पुढे ढकलणाऱ्यांनी हे वाचावं.

‘१२ टक्के व्याज’

स्टेबलकॉइन स्वतः व्याज देत नाही. तुमचं टोकन कुणीतरी पुढे कर्जाऊ देतो किंवा सट्ट्यात लावतो, तेव्हा ते व्याज येतं. सेल्सियस नावाची कंपनी १७ टक्क्यांपर्यंत देत असे. जुलै २०२२ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की व्याजाच्या खात्यांत टाकलेली नाणी, त्यातले स्टेबलकॉइनसुद्धा, अटींप्रमाणे कंपनीच्या मालकीची आहेत. ठेवीदार फक्त रांगेतले विनातारण घेणेकरी उरले. आपल्याकडे बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा आहे. इथं काहीही नाही.

‘अमेरिकी सरकारची हमी’

खोटं. जुलै २०२५ च्या जीनियस कायद्यानं साठ्याचे नियम घातले, दर महिन्याला साठा जाहीर करायला लावला. हमी दिलेली नाही. उलट सरकारी हमी आहे असं भासवायलाच बंदी आहे. नाणं काढणाऱ्या कंपनीनं धारकाला व्याज द्यायलाही बंदी आहे.

‘कर नाही’

हेही खोटं. एप्रिल २०२२ पासून भारतात अशा नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, तुमचं उत्पन्न कितीही कमी असो. तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. ठरावीक रकमेपलीकडे विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. रुपया घसरून जो फायदा होईल तोही यात आलाच.

‘रुपया घसरतोय’

हे एक खरं आहे. २०११ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, आता त्याच्या जवळपास दुप्पट. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्यांना स्टेबलकॉइन झटपट पडतो, हेही खरं. पण डॉलरमध्ये गुंतवायचंच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बँकेतून रीतसर पाठवता येतात. अनोळखी माणसाकडून पी-टू-पी व्यवहारात युएसडीटी घेणं-विकणं हा मार्ग नव्हे. समोरून आलेले पैसे सायबर फसवणुकीतले निघाले तर पोलीस तुमचं खातं गोठवतात, आणि ते सोडवताना महिने जातात.

आणि ती लिंक. ज्यांनी तिथं आधीच पैसे भरलेत त्यांनी आज थोडी रक्कम काढून बघा. ‘आधी कर भरा’, ‘आधी खातं अनलॉक करायची फी भरा’ असं उत्तर आलं तर एक रुपयाही भरू नका. स्क्रीनशॉट ठेवा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.