‘त्यांना त्याचेच तर पैसे मिळतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरातला कचरा पुढे कोणाच्या हाताला लागतो, याविषयी मी लिहिलेल्या लेखावर ‘एक करदाता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचण्याचा प्रयत्न केला. आपले म्हणणे थोडक्यात असे की, लेख लांबलचक आणि उपदेशाने भरलेला आहे. दोष महापालिकेचा आणि कंपन्यांचा असताना मी सामान्य माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. आणि, आपल्याच शब्दांत, ‘कचरा वेचणाऱ्यांना त्याचेच तर पैसे मिळतात, उगाच गळे काढू नका.’

लेख लांबला, हे मान्य. पुण्यातल्या घंटागाड्यांच्या वेळांविषयीचा परिच्छेद गाळला असता तरी चालले असते. मतभेदाचेही मला वावडे नाही. परंतु स्वतःचे नाव न सांगता, जिला आपण ओळखत नाही अशा व्यक्तीला ‘गळे काढू नका’ असे सुनावणे ही कोणती रीत झाली?

आता पैशांविषयी. पुण्यात 1993 साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि 2008 पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. या व्यवस्थेत काम करणारी ताई महापालिकेची पगारदार नोकर नसते. तिची कमाई दोन ठिकाणांहून येते : घरागणिक मिळणारे महिन्याचे शुल्क, आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेला कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक भंगारवाल्याला विकून हाती पडणारी रक्कम. म्हणजे कालची आमटी आपण वर्तमानपत्रांवर ओतून बादली दाराबाहेर ठेवली, तर ती रद्दी विकली जात नाही आणि तिच्या त्या दिवसाच्या मिळकतीतून तेवढे पैसे कापले जातात. कापणारे आपण असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘त्याचेच पैसे’ म्हणताना हा हिशेब आपण मांडून पाहिला होता का?

शिवाय शुल्क असते ते कचरा वाहून नेण्याचे. हात कापून घेण्याचे शुल्क कोणत्याही पावतीवर मी पाहिलेले नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या आईने कागद-काच वेचून आम्हा भावंडांना वाढवले. तेव्हा दारोदार बादल्या मिळत नसत, कुंडीत उतरूनच माल निवडावा लागे. एकदा भाजीच्या देठांनी भरलेल्या पिशवीत कोणीतरी फुटलेली ट्यूबलाइट कोंबली होती. आईने पिशवी चाचपली आणि काच उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुतली. जखम भरली, पण अंगठा पुन्हा पुरता वळला नाही. त्यानंतर भाकरी थापताना ती तळहाताच्या कडेने पीठ फिरवी आणि भाकरीची एक बाजू कायम जाड राही. ट्यूबलाइट टाकणारा माणूस दुष्ट नव्हता, हे मी आजही मानते. त्याच्या मनात आपल्यासारखाच विचार आला असेल की, कोणीतरी आहे उचलायला. आता मी गळा काढते आहे असे वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

कंपन्यांचे म्हणाल, तर 2026 पर्यंत लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये सॅनिटरी पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांच्या जबाबदाऱ्या लिहिलेल्या होत्या. परंतु त्याच नियमांत कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करण्याची आणि वापरलेले पॅड नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरातील माणसांवरही टाकलेली होती. ट्यूबलाइट त्या घातक कचऱ्यातच मोडत होती. अर्धा नियम वाचून वाद घालू नये. महापालिकेविषयी मी पूर्वी सविस्तर लिहिले आहे, इच्छा असल्यास ते शोधून वाचावे.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. मूळ लेखातील विनंतीही मागे घेणार नाही : फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात बांधा, वर ठळक ‘काच’ असे लिहा आणि बादलीत न टाकता वेगळी हातात द्या, पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहण्याची वेळ कोणावर येणार नाही. करदात्याच्या कोणत्या हक्कावर याने गदा येते, ते पुढच्या प्रतिक्रियेत, शक्य झाल्यास स्वतःच्या नावाने, कळवावे.