गोलफरक मोजला असता तर १९५४ ची जर्मनी साखळीतूनच घरी गेली असती

ब्राझील ५, जर्मनी ४, इटली ४, अर्जेंटिना ३, उरुग्वे आणि फ्रान्स २-२, इंग्लंड आणि स्पेन १-१. १९३० ते २०२२ च्या २२ विश्वचषकांचा हा हिशोब जळगाव-भुसावळकडचं फुटबॉल खेळणारं कुठलंही पोरगं झोपेत सांगेल. पण यातलं कुठलं नाव कुठल्या नियमाने तिथे पोचलं, असं विचारलं की सगळे गप्प. आणि मग आपल्याच तालुक्याच्या स्पर्धेत दोन संघांचे गुण सारखे झाले की टेबलाभोवती हमरीतुमरी सुरू होते. कारण साधं आहे, नियम आधी लिहिलेलाच नसतो.

माझं स्पष्ट मत आहे की विजेत्यांची यादी त्या त्या वर्षीच्या नियमावलीशिवाय वाचण्यात काही अर्थ नाही.

१९५४ चंच घ्या. स्वित्झर्लंडमध्ये १६ संघ, चार गट. प्रत्येक गटात दोन मानांकित (म्हणजे आधीच तगडे ठरवलेले) आणि दोन बिगरमानांकित. मानांकितांनी एकमेकांशी खेळायचंच नाही, म्हणजे चार संघांच्या गटात प्रत्येकाला दोनच सामने. मानांकन पात्रता फेऱ्या संपायच्या आधीच देऊन टाकलेलं. त्यात स्पेन होता. पण स्पेन आणि तुर्की यांचा रोममधला निर्णायक सामना २-२ सुटला, चिठ्ठी टाकली, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका इटालियन मुलाने ती उचलली आणि निघाली तुर्कीची. स्पेनचं मानांकनही तुर्कीला आयतं मिळालं. पश्चिम जर्मनी बिगरमानांकित.

आता आकडे बघा. जर्मनीने तुर्कीला ४-१ हरवलं आणि हंगेरीकडून ८-३ मार खाल्ला. त्या सामन्यात प्रशिक्षक हेरबर्गर यांनी मुख्य खेळाडूंपैकी बरेच जण बाहेर बसवले होते. तुर्कीने दक्षिण कोरियाला ७-० धुतलं. दोघांचे २-२ गुण. गोल : तुर्की केलेले ८, खाल्लेले ४. जर्मनी केलेले ७, खाल्लेले ९. गोलफरकाचा नियम असता तर अधिक ४ वाली तुर्की पुढे आणि उणे २ वाली जर्मनी घरी. पण त्या वर्षी गुण सारखे झाले तर सरळ पुन्हा सामना, असा नियम होता. जर्मनीने तो ७-२ जिंकला. पुढे बर्नच्या फायनलमध्ये त्याच हंगेरीने आठव्या मिनिटाला २-० आघाडी घेतली, अठराव्या मिनिटाला २-२ झालं, ८४ व्या मिनिटाला हेल्मुट रानचा गोल आणि ३-२. चार वर्षं न हरलेली हंगेरी हरली ती नेमकी त्या दिवशी. हेरबर्गर यांना पुष्कळ श्रेय द्या, द्यायलाच हवं. पण आठ गोल खाऊनही स्पर्धेत राहायची सोय नियमाने केली होती.

१९८२ ची इटली याच्या अगदी उलट. तिला गोलमोजणीने तारलं. गटात पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. कॅमेरूनचेही तिन्ही सामने बरोबरीत. दोघांचे ३ गुण, गोलफरक शून्य. इटलीने २ गोल केले होते, कॅमेरूनने १. त्या एका गोलावर इटली पुढे गेली आणि एकही सामना न हरलेलं कॅमेरून घरी. मग पाओलो रॉसीची ब्राझीलविरुद्ध हॅटट्रिक, फायनलला पश्चिम जर्मनी ३-१, सगळं आपल्याला तोंडपाठ. कॅमेरूनचं मात्र कुणाला आठवत नाही.

गट वाढवले की तिसऱ्यालाही दार उघडतं. २०१६ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, २४ संघ होते आणि तिसऱ्या क्रमांकाचे चार संघ पुढे जाणार होते. पोर्तुगाल तिन्ही बरोबऱ्या करून तिसरा आला आणि कप घेऊन गेला. ९० मिनिटांत त्यांनी अख्ख्या स्पर्धेत एकच सामना जिंकला, वेल्सविरुद्धची सेमीफायनल. १६ संघांची जुनी युरो असती तर गटातच खेळ खलास. आयव्हरी कोस्टचं तर त्याहून भारी : २०२४ च्या सुरुवातीच्या आफ्रिका कपात घरच्या मैदानावर इक्वेटोरियल गिनीकडून ०-४, प्रशिक्षक स्पर्धा चालू असतानाच बाहेर, ३ गुण आणि उणे ३ गोलफरकावर कसेबसे पुढे, आणि फायनलला नायजेरियावर २-१.

काही स्पर्धांना तर फायनलच नव्हती. १९५० च्या विश्वचषकात शेवटी चार संघांची साखळी होती. रिओच्या माराकाना मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात उरुग्वेविरुद्ध ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, तरी १-२ हरले. उरुग्वेच्या गटात माघारींमुळे एकटा बोलिव्हिया उरला होता, त्यामुळे उरुग्वे एकूण चार सामन्यांत जगज्जेता. आपल्याकडेही ‘१९६४ च्या आशिया कपची फायनल भारत हरला’ असं सर्रास लिहितात. फायनल झालीच नव्हती, भाऊ. चार संघांची साखळी होती, इस्रायलने तिन्ही जिंकले, भारताने दक्षिण कोरिया आणि हाँगकाँगला हरवलं, इस्रायलकडून ०-२ हरला, म्हणून दुसरा. शोध घ्यायचाच तर १९६२ च्या जाकार्ता एशियाडची फायनल बघा, तिथे दक्षिण कोरियाला २-१ हरवून खरंखुरं सुवर्ण आलंय.

आणि १९६८ ची युरो! सेमीफायनल १२० मिनिटांनंतर ०-०, मग नाणेफेक. इटली टॉस जिंकून फायनलला, सोव्हिएत संघ बाहेर. फायनल १-१, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा खेळवली, २-०. सेमीफायनल नाण्यावर आणि फायनल पुन्हा, ही कसली रीत? १९७० मध्ये पेनल्टी शूटआऊट नियमात आलं ते उगाच नाही. पेनल्टी म्हणजे लॉटरी असं म्हणणाऱ्यांनी आधी ही नाणेफेक आठवावी.

आता मुद्दा आपल्या मैदानाचा. आठ संघ, एक मैदान असेल तर चार-चारचे दोन गट, १२ सामने, २ सेमी, १ फायनल, एकूण १५. २५-२५ मिनिटांचे हाफ, मध्ये ५ मिनिटं आणि मैदान रिकामं करायला ५, म्हणजे सामन्याला एक तास. सकाळी ७ ते ११ चार आणि संध्याकाळी ४ ते ६ दोन. दोन दिवसांत साखळी संपते, तिसऱ्या दिवशी सकाळी सेमी आणि संध्याकाळी फायनल. दुपारी खेळवू नका. इकडच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला टेकतो. बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ न देता सरळ पेनल्टी. दक्षिण अमेरिकेतली कोपा अमेरिका स्पर्धासुद्धा अलीकडे फायनल सोडून हेच करते.

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी झाले पाहिजेत. १९७८ ला ब्राझीलचा सामना आधी संपला होता, त्यामुळे फायनल गाठायला पेरूविरुद्ध चार गोलांच्या फरकाने जिंकायचंय हे अर्जेंटिनाला उतरण्याआधीच ठाऊक होतं. जिंकले ६-०. १९८२ ला हिहोनमध्ये पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध दहाव्या मिनिटाला गोल केला, १-० दोघांनाही सोयीचा होता, उरलेली ८० मिनिटं चेंडू इकडून तिकडे, आणि आदल्या दिवशी खेळून बसलेला अल्जेरिया बाहेर. विश्वचषकात १९८६ पासून शेवटचे सामने एकत्र सुरू होतात. दुसरं मैदान नसेल तर शाळेचं मागून घ्या, तेवढ्या तासापुरतं. तीन-तीनचे गट तर करूच नका, शेवटच्या सामन्याला एक संघ कायम बाहेर बसलेला असतो. फिफाने २०२६ साठी तीनच्या १६ गटांचा बेत आखला होता, तोही मोडून चारचे १२ गट केले.

बरोबरी मोडायचा क्रम छापून, पहिल्या शिट्टीआधी सगळ्या कॅप्टनची सही घ्या : गुण, आपसातला सामना, गोलफरक, केलेले गोल, कार्डं, शेवटी चिठ्ठी. आपसातला सामना आधी ठेवायचं कारण असं की नाहीतर जो तो गटातल्या दुबळ्या संघाला नऊ-नऊ गोल हाणत बसतो. कार्डांचा नियम कुणी हसण्यावारी नेऊ नये. २०१८ ला जपान आणि सेनेगल गुण, गोलफरक, गोल, आपसातली २-२ या सगळ्यात सारखे होते. जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६, एवढ्यावर जपान पुढे गेला.

पेनल्टीच्या वेळी आपल्याकडे हमखास भांडण लागतं ते बदललेल्या खेळाडूवरून. शिट्टी वाजली तेव्हा मैदानावर असलेलेच मारू शकतात, बाहेर बसवलेला स्ट्रायकर परत येऊ शकत नाही. एका संघाचे १० उरले असतील तर दुसऱ्यानेही एक कमी करायचा. चेंडू मारला जाताना गोलकीपरच्या एका तरी पायाचा काही भाग रेषेवर टेकलेला, रेषेच्या सरळ वर हवेत किंवा रेषेच्या मागे हवा. सगळ्यांची एकेक झाल्याशिवाय कुणालाही दुसरी नाही.

आणि स्कोअरशीटवर निकाल ‘०-० (पेनल्टी ३-२)’ असा लिहा, १९९४ च्या ब्राझील-इटली फायनलसारखा. ती नोंदीत बरोबरीच आहे. शूटआऊटचे गोल खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत. २०२२ च्या फायनलला फ्रान्सच्या एम्बापेने शूटआऊटमध्येही चेंडू जाळ्यात मारला होता, तरी स्पर्धेतले त्याचे गोल ८ च. टॉप स्कोअररचं पाकीट देण्याआधी शीटवरून एकदा नजर फिरवा.